उंटाचं क्लोनिंग : फायदा कुणाचा, भार कुणावर?

प्रश्न असा आला आहे : दुबईत उंटांचं क्लोनिंग होतं, त्याचे फायदे-तोटे काय? आणि राजस्थान-कच्छमधला उंट झपाट्यानं कमी होत असताना आपण तेच तंत्र इथं का वापरू नये?

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायची सक्ती नाही. क्लोनिंगनं एक ठरावीक जनावर पुन्हा मिळवता येतं, कळप वाढवता येत नाही. मेलेली किंवा थकलेली एखादी विशिष्ट उंटीणच ज्याला परत हवी आहे आणि त्यासाठी पैसा मोजायची ज्याची तयारी आहे, त्याच्या कामाचं हे तंत्र आहे. ज्याला उंट ही जात वाचवायची आहे त्याच्या ते बहुतेक वेळा उपयोगाचं नाही. एक अपवाद आहे, तो पुढे येईल.

मी पशुवैद्य. जनावरांचं प्रजनन हा माझा विषय, आणि नोकरीतली बरीच वर्षं आखातात उंटिणींच्या भ्रूण प्रत्यारोपणात गेली. क्लोनिंगच्या सूक्ष्मदर्शकाखाली मी स्वतः सुई धरलेली नाही. पण असे भ्रूण शेवटी ज्या उंटिणींच्या पोटात वाढतात, तशा उंटिणी सांभाळणं हे माझं रोजचं काम होतं. त्यामुळे माझं मत त्यांच्या बाजूनं झुकलेलं वाटेल. ते झुकलेलं आहेच.

पहिली क्लोन उंटीण ८ एप्रिल २००९ रोजी दुबईच्या कॅमल रिप्रॉडक्शन सेंटरमध्ये जन्मली. नाव इंजाझ. मूळचे काश्मीरचे डॉ. निसार अहमद वाणी, केंद्राच्या प्रमुख डॉ. लुलू स्किडमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम. ३७८ दिवसांचा गर्भ, जन्माच्या वेळी वजन साधारण ३० किलो, म्हणजे अगदी नेहमीसारखं पिल्लू. गंमत अशी की इंजाझची मूळ उंटीण कुठल्याही शर्यतीची राणी नव्हती. २००५ साली तिची मांसासाठी कत्तल झाली होती. तिच्या अंडाशयातल्या पेशी वाढवून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवल्या होत्या, त्याच चार वर्षांनी जन्माला आल्या. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत ‘बिन सौगान’ हा पहिला क्लोन नर जन्मला, तो एका नामांकित नराच्या कानाच्या कातडीतल्या पेशींपासून. २०१५ च्या अखेरीस इंजाझ स्वतः नैसर्गिकरीत्या गाभण राहून व्यायली, आणि क्लोन उंटीण वांझ असते की काय ही शंका तिथं संपली.

पद्धत थोडक्यात अशी. ज्या जनावराची प्रत हवी त्याच्या कातडीच्या पेशी घ्यायच्या. दुसऱ्या एखाद्या उंटिणीचं पक्व स्त्रीबीज मिळवून त्यातलं केंद्रक काढून टाकायचं. त्या रिकाम्या बीजात कातडीची पेशी बसवायची, विजेचा सौम्य झटका देऊन दोन्ही एकजीव करायचं, रसायनांनी त्याला ‘फलन झालं’ असं भासवायचं आणि आठवडाभर वाढवून तो भ्रूण तिसऱ्या उंटिणीच्या गर्भाशयात ठेवायचा. एका पिल्लासाठी तीन जनावरं लागतात : एक जिची प्रत करायची ती, एक बीज देणारी, एक पोटात वाढवणारी. वर्तमानपत्रात फोटो पहिलीचा येतो.

हे सगळं उंटात एवढं का फोफावलं हे समजायला उंटाची शरीररचना पाहावी लागते.

उंटीण गाईसारखी ठरावीक दिवसांनी बीज सोडत नाही. संभोग झाला तरच तिचं बीज सुटतं. माजाचा हंगाम हिवाळ्यातला, आखातात ढोबळमानानं नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. गर्भ तेरा महिन्यांचा. पिल्लू झाल्यावर दूध पाजण्यात पुढचा हंगाम निघून जातो, म्हणून दोन वर्षांत एक वेत धरायचं. गर्भ जवळजवळ नेहमी गर्भाशयाच्या डाव्या शिंगातच, म्हणजे त्याच्या दोन फांद्यांपैकी डावीतच टिकतो. म्हणून भ्रूणही सहसा डावीकडेच ठेवतात. जुळी पिल्लं पूर्ण दिवस भरून जन्मण्याचा प्रकार इतका दुर्मीळ की तो विसरून गेलेलं बरं. एवढ्या कूर्मगतीनं वाढणाऱ्या जनावरात चांगली मादी म्हणजे खरोखरच संपत्ती. ती शर्यतीत धावत असेल तर मालकापुढे पेच उभा राहतो, कारण गाभण ठेवली की धावणं बंद.

यावरचा उपाय क्लोनिंगच्या कितीतरी आधी सापडला होता : भ्रूण प्रत्यारोपण. संयुक्त अरब अमिरातीत १९९० च्या आसपास ते बसलं आणि पुढे धंदाच झाला. चांगल्या उंटिणीला संप्रेरकांची इंजेक्शनं द्यायची, एकाऐवजी बरीच बीजं पक्व करायची, उत्तम नर द्यायचा, आठवडाभरानं गर्भाशय धुऊन भ्रूण बाहेर काढायचे आणि साध्या उंटिणींत ठेवायचे. एका धुण्यात पाच-दहा भ्रूण सहज मिळतात, कधी जास्त. चांगल्या हातात त्यातले निम्म्याच्या आसपास टिकतात. विजेती उंटीण शर्यतीच्या मैदानावर धावत राहते आणि तिची पिल्लं दुसऱ्यांच्या पोटात वाढतात. क्लोनिंगची तुलना ‘काहीच न करण्या’शी करून चालत नाही, या भ्रूण प्रत्यारोपणाशी करावी लागते. माझ्या मते सगळ्या चर्चेत हीच तुलना राहून जाते.

मग प्रत्यारोपण हाताशी असताना क्लोनिंग हवंच कशाला? त्याला तीन खरी कारणं आहेत.

पहिलं कारण मेलेलं जनावर. संयुक्त अरब अमिरातीत मबरोकान नावाची एक सौंदर्यस्पर्धा गाजवलेली उंटीण होती, ती २०१० मध्ये मेली. तिच्या गोठवलेल्या पेशींपासून दशकभरानंतर एकाहून जास्त पिल्लं जन्माला घातली गेली. या कामामागे कोण होते ते ऐकून अनेकांच्या भुवया उंचावतात : दक्षिण कोरियाचे ह्वांग वू-सुक. २००५ मध्ये पहिला क्लोन कुत्रा जन्माला घालणारे आणि त्याच सुमारास मानवी मूलपेशींच्या संशोधनात खोटी आकडेवारी दिल्याबद्दल बदनाम झालेले तेच. उंटाच्या बाबतीत पिल्लं डोळ्यांसमोर उभी आहेत, त्यामुळे शंकेला जागा नाही. पण हे शास्त्र कोणत्या वाटेनं वाळवंटात पोचलं ते लक्षात असू द्यावं.

दुसरं कारण नर. गाई-म्हशींत चांगला वळू मेला तरी त्याच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या वर्षानुवर्षं वापरता येतात. उंटात ही सोय जवळपास नाही. उंटाचं वीर्य घट्ट, चिकट, जेलीसारखं असतं; त्यात शुक्राणू अडकून पडतात. ते पातळ करणं, गोठवणं आणि पुन्हा जिवंत करणं यावर जगभर इतकी वर्षं काम चालू असूनही कृत्रिम रेतन उंटात अजून भरवशाचं झालेलं नाही. म्हणजे उत्तम नर गेला की गेलाच. तिथं कानाच्या कातडीचा एक तुकडा कांड्यांचं काम करतो. मला क्लोनिंगचा हा उपयोग सर्वांत समजण्यासारखा वाटतो, आणि गाईच्या प्रजननात काम केलेल्या माणसाला तो चटकन सुचत नाही.

तिसरं कारण पैसा आणि प्रतिष्ठा. आखातात उंटांच्या सौंदर्यस्पर्धा म्हणजे गावच्या जत्रेतली हौस नव्हे. सौदी अरेबियातला किंग अब्दुलअझीझ उंट महोत्सव, अबू धाबीतला अल धफ्रा, इथं बक्षिसांच्या रकमा कोटींत मोजल्या जातात. लोंबणारा जाड ओठ, लांब मान, मोठं डोकं, कुबडाची नेमकी जागा, केसांचा रंग, सगळ्याला गुण. या स्पर्धांत २०१८ मध्ये बारा उंट बोटॉक्स टोचल्याबद्दल बाद झाले, २०२१ मध्ये चाळीसहून अधिक. ओठात बोटॉक्स भरण्याची पाळी जिथं येते, तिथं विजेतीची हुबेहूब प्रत विकत मिळत असेल तर गिऱ्हाईक रांग लावणारच. २०२१ मध्ये दुबईत एका प्रतीला साधारण दोन लाख दिरहॅम पडत, आपले तेव्हाचे चाळीस लाख रुपये. ज्याच्या उंटिणीची किंमत त्याच्या कितीतरी पट आहे त्याला ही रक्कम जड नाही.

आता ही प्रत हुबेहूब असते का? दिसण्याच्या बाबतीत बरीचशी. हाडांचा सांगाडा, मानेची लांबी, डोक्याचा आकार हे जनुकांवर बऱ्यापैकी अवलंबून असतं. कुबड मात्र चाऱ्यावर ठरतं, केस हवामानावर आणि निगेवर. म्हणून सौंदर्यस्पर्धेचा मालक बहुधा समाधानी राहतो. शर्यतीचा मालक तितका राहील असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. धावणाऱ्या जनावरात लहानपणचं दूध, चारा, सराव, पाठीवरचा स्वार (आता तो छोटा यंत्रमानव असतो, लहान मुलांना उंटावर बांधून पळवण्याची क्रूर प्रथा बंद करावी लागली तेव्हापासून), पायाच्या दुखापती आणि त्या जनावराची स्वतःची जिद्द, हे सगळं मिसळलेलं असतं. क्लोनमध्ये यातलं काहीही उतरत नाही. शिवाय पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांची म्हणजे मायटोकाँड्रियांची स्वतःची ३७ जनुकं असतात आणि ती बीज देणाऱ्या उंटिणीकडून येतात, विजेतीकडून नव्हे. स्नायूंना ऊर्जा पुरवणारा हाच कारखाना. धावण्यात त्यानं किती फरक पडतो यावर वाद घालता येईल, पण ‘शंभर टक्के तीच’ म्हणून कोणी विकत असेल तर ते खरं नाही.

मायटोकाँड्रियावरून एक व्यवहारातली गोष्ट आठवली. वंशावळ तपासण्याच्या नेहमीच्या डीएनए चाचणीत क्लोन आणि मूळ जनावर वेगळे ओळखूच येत नाहीत. एका विजेत्या नराचे तीन क्लोन तीन मालकांकडे असतील तर एखादं पिल्लू नेमकं कुणाच्या नराचं, हे ती चाचणी सांगणार नाही. मायटोकाँड्रियाची तपासणी फरक दाखवू शकते, पण ती जनावराची स्वतःची ओळख पटवण्यापुरती. नर आपला मायटोकाँड्रिया पिल्लाला देतच नाही. नोंदणी, विमा, खरेदीचे करार यांत यामुळे भांडणं होण्याची पुरेपूर सोय आहे. क्लोन जनावर विकत घेणाऱ्यानं मायक्रोचिप आणि पेशी कुठून आल्या त्याचा लेखी पुरावा मागितलाच पाहिजे.

आता भार कुणावर, ते सांगतो.

डॉली मेंढी, म्हणजे प्रौढ जनावराच्या पेशीपासून झालेला पहिला क्लोन सस्तन प्राणी, १९९६ मध्ये जन्मली तेव्हा २७७ बीजांवर प्रयोग झाला होता आणि हाती एक कोकरू लागलं. तेव्हापासून हातोटी सुधारली, तरी उंटात आजही शंभर क्लोन भ्रूण ठेवले तर जिवंत, धडधाकट पिल्लं एक आकडीच निघतील असं धरून चालावं. बाकीचे कुठे जातात? बहुतेक पहिल्या दोन-तीन महिन्यांत गळून पडतात. काही उशिरा गळतात, आणि ते जास्त वाईट.

एका सरोगेट उंटिणीच्या बाजूनं हे पाहा. तिला माणसाची सवय असतेच असं नाही. तिला बसवायचं, पाय बांधायचे, गुदद्वारातून हात आणि अल्ट्रासाउंडचा प्रोब घालून अंडाशय बघायचं. पुटक, म्हणजे बीज ज्यात वाढतं ती अंडाशयातली पिशवी, योग्य मापाचं झालं की इंजेक्शन देऊन बीज सोडायला लावायचं, म्हणजे तिचं शरीर गर्भ धरायला तयार होतं. मग भ्रूण ठेवायचा. दोन आठवड्यांनी तिच्याजवळ नर न्यायचा. गाभण असेल तर ती शेपटी ताठ वर उचलते. वाळवंटातल्या कुठल्याही राखणदाराला ही खूण माहीत असते आणि ती अल्ट्रासाउंडच्या तोडीस तोड असते. क्लोन भ्रूणांच्या बाबतीत आज उचललेली शेपटी महिन्याभरानं खाली आलेली दिसण्याची शक्यता फार. गर्भ गेला की पुन्हा तपासणी, पुन्हा इंजेक्शन, हंगाम उरला असेल तर पुन्हा भ्रूण. हंगाम संपला असेल तर तिचं वर्ष फुकट. उशिरा गर्भपात झाला तर वार अडकणं, गर्भाशयात पू होणं आणि पुढे कायमचं वांझपण, हे सगळं तिच्या वाट्याला.

बीज देणाऱ्या उंटिणीचंही तसंच. तिला संप्रेरकांची इंजेक्शनं, मग योनीमार्गातून लांब सुईनं बीजं ओढून घ्यायची. एकदा केलं तर फार त्रास नाही, पण पुन्हा पुन्हा तीच जनावरं वापरली जातात तेव्हा अंडाशयाभोवती चिकटलेल्या ऊती दिसू लागतात. चांगलं व्यवस्थापन असलेल्या केंद्रांत या जनावरांना विश्रांती दिली जाते. ती दिली जाते की नाही हे तपासणारी बाहेरची यंत्रणा सगळीकडे नाही, ही माझी खरी तक्रार.

जन्मलेल्या पिल्लांचं काय? क्लोन जनावरं लवकर म्हातारी होतात, असं डॉलीच्या संधिवातामुळे सगळीकडे पसरलं. २०१६ मध्ये नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी डॉलीच्याच पेशींपासून झालेल्या चार मेंढ्यांसह तेरा क्लोन मेंढ्या सात ते नऊ वर्षांच्या वयात तपासल्या. त्या वयाच्या मानानं ठणठणीत निघाल्या. म्हणजे जगलेला क्लोन बहुधा नीट जगतो. धोका आहे तो पोटात आणि पहिल्या काही दिवसांत. उंटाच्या पिल्लाला गर्भात आईकडून प्रतिकारद्रव्यं मिळत नाहीत, सगळी भिस्त चिकावर. पहिल्या काही तासांत पुरेसा चीक पोटात गेला नाही की जंतुसंसर्ग डोकं वर काढतो, आणि अशक्त जन्मलेलं क्लोन पिल्लू त्याला आधी बळी पडतं.

प्रजननशास्त्राच्या अंगानं आणखी एक तोटा आहे, तो मालकांना पटवणं अवघड. क्लोनिंग तुम्हाला जिथल्या तिथं उभं ठेवतं. चांगल्या मादीला चांगला नर दिला की पुढच्या पिढीत दोघांहून सरस असं एखादं पिल्लू निघण्याची शक्यता असते, सुधारणा होते ती अशी. क्लोन जास्तीत जास्त गेल्या पिढीच्या विजेतीइतका निघेल. त्यातून सगळेच त्या चार-दोन विजेत्यांच्या मागे लागले तर दहा-वीस वर्षांत अर्ध्या शर्यतीच्या जनावरांचे आजी-आजोबा तेच निघतात, आणि झाकून राहिलेले जनुकीय दोष एकत्र येऊ लागतात. जळगावकडच्या केळीउत्पादकांना हे निराळं सांगायला नको. ऊतिसंवर्धित केळी म्हणजे एकाच झाडाच्या प्रती. बाग एकसारखी, घड एकसारखे, माल एकदम काढणीला. रोग आला तर तोही सगळ्या बागेला एकदम. फरक एवढाच की केळीच्या एका कंदातून प्रयोगशाळेच्या बाटलीत हजारो रोपं होतात, उंटाच्या प्रत्येक प्रतीला एक गर्भाशय तेरा महिने द्यावं लागतं. क्लोनिंग म्हणजे उंटांचा कारखाना अशी जी समजूत आहे ती बहुधा वनस्पतींवरूनच आलेली असावी.

औषधांसाठी क्लोन उंट, ही कल्पना अधूनमधून डोकं वर काढते : दुधातून औषधी प्रथिनं देणारी जनुकबदल केलेली उंटीण. उंटाच्या रक्तातली लहान आकाराची प्रतिपिंडं वैद्यकात फार मोलाची ठरली आहेत, हे खरं. पण ती आता जिवाणू आणि यीस्टमध्ये स्वस्तात तयार होतात. एवढ्यासाठी तेरा महिन्यांचा गर्भ कोणी धरत बसणार नाही.

आता तो अपवाद. मंगोलिया आणि चीनच्या गोबी वाळवंटात जंगली दोन कुबडांचा उंट आहे. आपल्या लडाखच्या नुब्रा खोऱ्यात पर्यटकांना पाठीवर घेणारा दोन कुबडांचा उंट पाळीव. हा वेगळा, लाखो वर्षांपूर्वीच त्यापासून वेगळा झालेला. जगात हजारभरही उरलेले नाहीत आणि आंतरराष्ट्रीय यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. पाळीव उंटांशी संकर होऊन त्याचं शुद्ध रक्तही पातळ होत चाललं आहे. अशा प्राण्याच्या माद्या पकडून बीजं काढणं म्हणजे रोगापेक्षा औषध भयंकर. म्हणून दुबईत असा प्रयोग झाला : दोन कुबडांच्या पाळीव उंटाच्या पेशी, बीज एक कुबडाच्या उंटिणीचं, आणि गर्भही तिच्याच पोटात. ३९२ दिवसांनी ३३ किलोचं पिल्लू जन्मलं, दिसायला निरोगी. सातव्या दिवशी रक्तात जंतुसंसर्ग होऊन ते गेलं. २०१७ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. पिल्लू गेलं तरी एक गोष्ट सिद्ध झाली : जंगली उंटाच्या एकाही मादीला हात न लावता, साध्या उंटिणीच्या पोटात त्याचं पिल्लू वाढू शकेल. अमेरिकेत काळ्या पायांच्या फेरेटच्या, म्हणजे मुंगसासारख्या एका लहान मांसाहारी प्राण्याच्या बाबतीत याच्या पुढची पायरी गाठली गेली. आज हयात असलेले सगळे फेरेट अवघ्या सात पूर्वजांचे वंशज, पण १९८८ मध्ये गोठवलेल्या एका वेगळ्या मादीच्या पेशींपासून २०२० मध्ये क्लोन जन्मला. म्हणजे जे रक्त नामशेष झालं होतं तेच परत आलं. विविधता घटवणारं तंत्र इथं विविधता वाढवतं. पण त्याला एक अट आहे : कोणीतरी वेळेवर पेशी गोठवून ठेवलेल्या असल्या पाहिजेत.

आणि भारत? २०१२ च्या पशुगणनेत देशात चार लाख उंट होते, २०१९ मध्ये अडीच लाख. सात वर्षांत ३७ टक्के घट, आणि जे उरले त्यातले बहुसंख्य राजस्थानात. आकडा बघून कुणालाही वाटेल की जन्म वाढवले पाहिजेत. पण राईका किंवा रबारी या पिढीजात उंट पाळणाऱ्या समाजांतल्या पालकाकडे जाऊन विचारा, तो असं म्हणणार नाही की उंटिणी गाभण राहत नाहीत. ट्रॅक्टर आला, गाडा गेला. इंदिरा गांधी कालव्यानं चरायची रानं शेतीखाली आणली. उरलेल्या ओरणांना, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानांना, कुठे कुंपण पडलं तर कुठे सौर प्रकल्प आले. २०१४ मध्ये राजस्थाननं उंटाला राज्यप्राणी केलं आणि २०१५ च्या कायद्यानं कत्तल आणि राज्याबाहेर नेणं यांवर बंधनं आणली. हेतू चांगला, परिणाम असा की पुष्करच्या बाजारात नर उंटाला गिऱ्हाईक उरलं नाही आणि भाव काही हजारांवर आले. नर विकून घर चालवणाऱ्या माणसानं कळप कशासाठी राखायचा? आपल्या विदर्भातही कच्छी रबारी मेंढ्या आणि उंट घेऊन फिरतात. २०२२ च्या जानेवारीत अमरावती जिल्ह्यात त्यांच्यासारख्याच पालकांचे उंट कत्तलीच्या संशयावरून जप्त झाले आणि ते सोडवायला त्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. ज्या पिल्लाला चरायला रान नाही आणि विकायला बाजार नाही, त्याच्या चाळीस लाखांच्या प्रती काढून काय करायचं?

कौशल्याचा प्रश्न नाही, हेही सांगतो. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेनं २००९ मध्ये म्हशीचं क्लोनिंग केलं, २०२३ मध्ये गंगा ही गीर कालवड जन्मली. काश्मीरच्या कृषी विद्यापीठात २०१२ मध्ये नूरी ही पश्मिना शेळी झाली. हातोटी देशात आहे. पण म्हशीच्या प्रयोगांना लागणारी बीजं कत्तलखान्यातून आलेल्या अंडाशयांतून ढिगानं मिळतात. उंटाची कत्तल आपल्याकडे बंद, म्हणजे प्रत्येक बीज जिवंत उंटिणीतून सुईनंच काढावं लागणार. आणि प्रत करायची तरी कुणाची? गावोगावच्या उंटिणींच्या दुधाची नियमित नोंदच कोणी ठेवत नाही. बिकानेरच्या राष्ट्रीय उष्ट्र संशोधन केंद्राच्या कळपाच्या नोंदी आहेत, पण बाहेरच्या लाखो जनावरांत सर्वांत उत्तम कोण, हे कुणालाच सांगता येणार नाही. आधी वही, मग वीर्य आणि भ्रूण, आणि क्लोनिंगचा विचार त्यानंतर कधीतरी.

माझ्या हाती पैसा असता तर तो दुधाच्या संकलनावर आणि थंड साखळीवर लावला असता. कच्छमध्ये अमूलनं २०१९ मध्ये उंटिणीचं दूध बाजारात आणलं. दुधाला खात्रीचा गिऱ्हाईक मिळाला की पालक मादी विकत नाही, एवढं साधं हे गणित आहे. कच्छचा खाराई उंट घ्या : भरतीच्या पाण्यातून पोहत जाऊन खारफुटी खाणारा. जगात असा दुसरा नाही. त्याची प्रत काढता येईलही, पण खारफुटी तोडली गेली असेल तर ते पिल्लू खाराई कशाच्या जोरावर राहणार?

तरीही एक काम मी आजच करायला सांगेन, आणि ते स्वस्त आहे. खाराई, मालवी, मेवाडी अशा कमी होत चाललेल्या जातींच्या, एकमेकांशी नातं नसलेल्या जनावरांच्या पेशी गोठवून ठेवा. क्लोन करायची घाई नको, पेशी मात्र हाताशी असाव्यात. यासाठी प्रयोगशाळा गावात लागत नाही. कानाच्या कडेचे केस भादरून जागा स्पिरिटनं पुसून पूर्ण वाळू द्यायची. ओल्या स्पिरिटनं पेशी मरतात. भूल देऊन नखाएवढा तुकडा घ्यायचा, प्रतिजैविक घातलेल्या निर्जंतुक पोषक द्रवात टाकायचा आणि थंड डब्यातून चार अंश तापमानाला प्रयोगशाळेत पोचवायचा. जनावर अचानक मेलं तर तोच तुकडा शक्य तितक्या लवकर घ्यायचा आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा. बर्फाच्या कप्प्यात टाकला तर पाण्याचे स्फटिक होऊन पेशी फुटतात आणि सगळं वाया जातं. दोन-तीन दिवसांत तो प्रयोगशाळेच्या हाती पडला पाहिजे. बाटलीवर मालकाचं नाव, गाव, जनावराचं अंदाजे वय, आई-बाप माहीत असतील तर तेही पेन्सिलीनं लिहा. शाईचं लिखाण द्रव नायट्रोजनच्या टाकीपर्यंत पोचेपर्यंत पुसलं जातं.